सुजाता, तुझ्या भिंतींवर अजून छप्पर नाही

सुजाता,

काल तुझ्या जलदानविधीच्या पंगतीत जेवायला बसले होते. वाढणारी एक बाई माझ्यापुढे थांबली, मला न्याहाळलं आणि म्हणाली, "तुमी चिखलाच्या कॉलेजातल्या का?" हो म्हणायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. भंतेजी वंदना म्हणत होते तेव्हा मी कोरडी होते, तुझ्या फोटोपुढे मेणबत्ती लावतानाही कोरडीच. आणि मग भर पंगतीत, हातात वरणभाताचा घास धरून, एका अनोळखी बाईसमोर हमसून हमसून रडले. तू शेजारी असतीस तर कोपरानं ढोसलं असतंस आणि म्हणाली असतीस, "रड विद्या, पण पत्रावळीतलं संपव आधी."

त्या नावाचा मला किती राग यायचा आणि तुला किती मजा वाटायची! अण्णांनी माळावरच्या स्वतःच्या शेताला 'पर्माकल्चर प्रशिक्षण केंद्र' अशी पाटी लावली होती. मातीचं बांधकाम, कमी सरपणाच्या चुली, पावसाचं पाणी अडवून धरणारी शेती, असं सगळं हातांनी करून शिकायचं आणि वर्षभर तिथंच राहायचं. आसपासच्या गावांत पाटीवरचा पहिला शब्द कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून लोकांनी आपलं सोपं नाव ठेवलं. तिसगावच्या बाजारात आपण गेलो की भाजीवाल्या एकमेकींना सांगायच्या, "आल्या बघा चिखलाच्या कॉलेजातल्या." मी मान खाली घालून पुढं जायची. तू मात्र मागं वळून विचारायचीस, "ॲडमिशन पायजे का मावशी?"

उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. तू लूनावरून त्याच बाजारातून घरी निघाली होतीस. यापलीकडे मी कुणाला काही विचारलेलं नाही आणि इथंही लिहिणार नाही. रस्त्यावरची तू मला नकोस. मला माहीत असलेली सुजाता पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभी आहे, तिच्या वेणीला भुसा चिकटलाय आणि ती माझ्याशी भांडतेय.

पहिल्याच दिवशी अण्णांनी आपल्याला खड्ड्यात उतरवलं होतं. माती, पाणी आणि गव्हाचा भुसा. तुडवा म्हणाले. मी राहात्याची, वडिलांचं सिमेंटचं दुकान. लहानपणी हात मातीनं माखले की आई आधी धपाटा घालायची आणि मग हात धुवायची. मला तर हरखून गेल्यासारखं झालं. पायाच्या बोटांतून चिखल वर येत होता आणि मी म्हणत होते, "किती छान वाटतंय ना!" तू कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिलीस. "छान? माझी आई दरसाल भिंती लिंपायला हेच करती. तिला कुठल्या कॉलेजात घेतलं न्हाई कुणी." मग आमच्या दुकानाचं कळल्यावर तुला इतकं हसू लोटलं की तू खड्ड्याच्या काठावर बसलीस. "म्हणजे सिमेंटवाल्याची पोरगी माती शिकायला आली आणि मातीतली पोरगी सिमेंट शिकायला!"

तू खरोखरच सिमेंट शिकायला निघालेली होतीस. आय.टी.आय.मधून ड्राफ्ट्समनचा कोर्स झाला, नंबरात आलीस, पण नगरच्या एकाही ठेकेदारानं तुला साइटवर घेतलं नाही. पोरगी साइटवर नको, एवढंच उत्तर. अण्णा घेतो म्हणाले म्हणून तू आलीस. "आधी हातात काम येऊ दे. मग माती का सिमेंट, ते माझं मी बघीन," असं तू सांगून टाकलंस. तुझं हे सांगून टाकणं मला फार आवडायचं. आमच्या घरात कुणी काही सांगून टाकत नाही, सगळे सुचवतात.

अण्णांनाही तू एकदा असंच सांगून टाकलंस. दुपारची वेळ होती, अण्णा रंगात आले होते. सिमेंटच्या भट्टीत किती कोळसा जळतो, स्लॅबची घरं उन्हाळ्यात कशी तापतात, खेड्यातल्या माणसानं आता शहाणं होऊन मातीकडे परत यायला पाहिजे वगैरे. तू उठून उभी राहिलीस.

"अण्णा, एक विचारू? आमच्या गावात पडकी गढी हाय. तिची पांढरी माती धाब्याच्या छपरावर अंथरली की थेंब गळत न्हाई. सगळ्या गावानं नेली ती माती. आमच्या आज्याच्या वेळेला आमच्या वस्तीनं तिला हात लावायचा न्हाई, असं हुतं. मग त्यानं धाब्यावर काळी माती टाकली. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात धार. म्हातारा गेला त्या दिवशीसुद्धा घर गळत हुतं. आता सरपंचाचा स्लॅब हाय, सोसायटीच्या चेअरमनचा हाय. आता कुठं आमची पाळी आली, तर तुमी म्हणता माती चांगली."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बरोबर आहे तुझं, सुजाता. बोल अजून." त्या गडबडीत सौरचुलीतला भात काढायचा राहिला आणि त्या दिवशी आपण सगळ्यांनी लगदा खाल्ला. लगदा खाता खाता मी तुला म्हटलं की म्हणून काही माती वाईट होत नाही. तू म्हणालीस, वाईट कुणी म्हटलं? वाईट म्हटलंय का मी? आणि तिथून जे आपलं भांडण सुरू झालं ते संपलंच नाही. भांडी घासताना, झाडांना मडक्यानं पाणी घालताना, एस.टी.ची वाट बघताना आपण तेच भांडायचो. मला त्याची इतकी सवय झाली होती की एखाद्या दिवशी तू भांडली नाहीस तर मी कपाळाला हात लावून ताप आहे का बघायची.

काकवीची गोष्ट काल मी तुझ्या मामेबहिणींना सांगितली. रडता रडता हसल्या बिचाऱ्या. अण्णांनी सांगितलं होतं की जुन्या काळी चुन्यात गुळाचं पाणी घालायचे, त्यानं गिलावा घट्ट होतो. गूळ आणणार कुठून? तू श्रीगोंद्याकडच्या गुऱ्हाळातून करपलेल्या काकवीचे डबे मागवलेस, ओळखीच्या टेम्पोवाल्यानं आणून टाकले. किती घालायची ते अण्णांना विचारायला आपण दोघींपैकी कुणालाच सवड नव्हती. सढळ हातानं ओतली. भिंत काय सुंदर दिसत होती, तपकिरी, चकचकीत! दुपारपर्यंत मुंगळे आले. मग गांधीलमाश्या आल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वस्तीवरच्या गाई भिंतीला रांगेनं लागलेल्या, गिलावा चाटून चाटून आतल्या विटा उघड्या केलेल्या. त्या गाईंच्या मालकानं वर अण्णांनाच दम दिला, "आमच्या जनावरांना काय झालं तर बघा!" तुला हसून हसून उचक्या लागल्या. मग कोरा गिलावा कालवायला घेतलास आणि म्हणालीस, "सिमेंट असतं तर गाईनं तोंड लावलं नसतं, एवढं लिहून ठेव."

तुझं मन कशानं फिरलं ते मी पाहिलंय. अण्णांच्या बोलण्यानं नाही आणि माझ्या तर नाहीच नाही. वैशाखात तुझे वडील, दादा, तुला भेटायला आले होते. दादा रात्री गोदामावर राखणीला असतात, झोप दिवसा काढायची, आणि घर पत्र्याचं. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली भाकरी ठेवली तरी भाजेल. वर्षानुवर्षं त्या माणसाची झोप अशी लिंबाखाली, सावली सरकेल तशी बाज सरकवत झालेली. त्या दिवशी आपण बांधलेल्या मातीच्या खोलीत त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन ते भिंतीला टेकले आणि बसल्या बसल्या झोपले. तू त्यांच्या डोक्याखाली पोतं सरकवलंस. ऊन कलेपर्यंत ते उठले नाहीत आणि तू दारातून हलली नाहीस. जेवलीसुद्धा नाहीस. उठल्यावर दादा ओशाळून म्हणाले, "झोप लागली गं. गार हाय खोली." आणि चहा पिताना, जणू आपण काही भलतं समजू नये म्हणून, "पन घर म्हंजे स्लॅबचं!" दुसऱ्या दिवशी तू अण्णांना विचारत होतीस की तुझ्या गावच्या मातीत वाळू किती मिसळावी लागेल.

त्यानंतर मी नगरला एका आर्किटेक्टकडे नोकरीला लागले आणि तू गावी जाऊन बांधायला लागलीस. दगडी जोतं, त्यावर उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या भिंती. विटा तू पाडायचीस, चिखल तुडवायची मावशी, म्हणजे तुझी आई. दादा पाणी आणून द्यायचे आणि तुझ्याशी बोलायचे नाहीत. त्यांचं म्हणणं, भिंती कसल्याही कर, वर स्लॅबच पडला पाहिजे. तुझं म्हणणं, कच्च्या विटांवर स्लॅबचं ओझं मी टाकणार नाही. गावात सगळे विचारायचे, शिकली-सवरली पोरगी बापाला मातीच्या घरात घालती का? तू तिसगावच्या एस.टी.डी. बूथवरून मला हे सगळं सांगायचीस, एक डोळा मीटरवर ठेवून, त्यामुळे तुझं रडणंसुद्धा घाईत असायचं. मी तुला सांगायचे, दादांना एकदा सरळ सांग ना, तुमच्या झोपेसाठी चाललंय हे. तू म्हणायचीस, "सांगितलं की ते म्हणतील, माझ्यासाठी नको करू. गप बस."

शेवटचा फोनही भांडणाचाच होता. पावसाच्या बाजूला बाहेरून सिमेंटचा एक हात मारू का, असं तू विचारत होतीस. मी म्हटलं, मग एवढा खटाटोप केलास कशाला? तू म्हणालीस, तुझं बरंय गं, तुझ्या अंगावर न्हाई गळणार. मी काहीतरी बोलायला लागले तर म्हणालीस, "थांब, मीटर पळतोय. राहिलेलं भांडण आल्यावर करू." मी सुट्टी टाकून ठेवली होती. येताना तुला काय काय उत्तरं द्यायची ते मनात जुळवून ठेवलं होतं, चांगली होती गं उत्तरं. आता ती कुणाला देऊ? नगरच्या ऑफिसात फोन वाजला की मी अजून आधी उचलायला धावते. जगात सगळे दोन हजार सालाच्या गप्पा मारतायत, तेव्हा काय काय असेल म्हणून. मला एवढंच दिसतं की तेव्हा मी म्हातारपणाकडे एक वर्ष पुढं गेलेली असेन आणि तू इथंच थांबलेली असशील.

तुझे उपकार मानायचे राहिले. तोंडावर मानले असते तर तू माझी टर उडवली असतीस, म्हणून कधी बोलले नाही. पण आज मी कुठल्याही घराचा नकाशा काढायला बसले की आधी तुझा आवाज ऐकू येतो, "कुणाला विचारून काढलास?" माझ्या साहेबांना वाटतं मी फार हुशार आहे.

काल माणसं पांगल्यावर दादा मला तुझ्या भिंतींपाशी घेऊन गेले. भिंती पुऱ्या उभ्या आहेत, वर आभाळ. पावसाचा भरवसा नाही म्हणून कुणीतरी प्लॅस्टिकचा कागद अंथरून दगड ठेवलेत. दादांनी भिंतीवरून हात फिरवला.

"इद्या, वर तिला पायजे तसंच टाकू. धाबं म्हन, कौलं म्हन. मी आता काय बोलत न्हाई."

"पण दादा, तुम्हाला स्लॅब हवा होता ना?"

"मला व्हय?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "मला काय करायचाय स्लॅब? मी जल्म पत्र्याखाली काढला, ऱ्हायलेला बी काढला असता. तिच्यासाठी पायजे हुता. एवढी शिकली. उद्या पाव्हने बघाया येनार, म्हननार मातीच्या घरातली हाय. माझ्या बापाला लोकांनी खाली बघाया लावलं, मला लावलं. तिला कुनी लावू नये."

मग मी त्यांना त्या वैशाखातल्या दुपारचं सांगितलं. तू मला गप्प बसायला सांगितलं होतंस, मी बसले नाही. डोक्याखालचं पोतं, दारात बसून राहिलेली तू, दुसऱ्या दिवशी मातीची चौकशी, सगळं सांगितलं. दादा जोत्यावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मला कदी बोलली न्हाई," ते म्हणाले. आणि मग, "आता कोनासाठी बांधायचं गं हे?"

एवढी वर्षं तुझ्याशी भांडले मी. कोळसा झाला, गारवा झाला, पांढरी माती झाली, गावातला मान झाला. पण त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाला द्यायला माझ्याकडे एक शब्द नव्हता. तुझ्याकडे असता का? असता असं मला वाटतं, आणि म्हणूनच तू गेल्याचा इतका संताप येतो.

"माझ्यासाठी बांधा की."

मावशी मागं कधी येऊन उभी राहिली, आम्हाला कळलं नव्हतं. पदर खोचलेला, हात राखेनं भरलेले, भांडी घासता घासता उठून आलेली.

"मी हाय ना अजून जित्ती," ती दादांना म्हणाली. "मला कुनी इचारलं का, तुला काय पायजे म्हनून? तुमी न्हाई इचारलं. तिनंबी न्हाई इचारलं. निस्तं चिखल तुडव म्हनायची."

ती आत गेली, तुझ्या बिनछपराच्या स्वयंपाकघरात. जिथं तू बिनधुराच्या चुलीची जागा आखून ठेवली आहेस तिथं बसली, भिंतीकडे तोंड करून. "ही अशी मी बसनार. सकाळ-संध्याकाळ भिताडाकडं बघत भाकऱ्या थापनार. हितं खिडकी पायजे मला. मला रस्ता दिसाया पायजे."

सुजाता, तिथं खिडकी नाही. असणार कशी? पश्चिमेची भिंत आहे ती. पश्चिमेकडून दुपारचं ऊन घुसतं, तिकडे भिंत बंद ठेवायची, आणि चुलीचा धूर नळीतून वर जाणार म्हटल्यावर खिडकीची गरजच नाही, हे अण्णांनी शिकवलेलं आपल्याला झोपेतसुद्धा येत होतं. तुझा नकाशा बिनचूक आहे. अण्णांनी पाहिला असता तर पाठ थोपटली असती. मीही फोनवर ऐकून वा म्हटलंच होतं. भर सभेत उभं राहून अण्णांना जाब विचारणारी तू, आणि घरात जिचा सगळा दिवस चुलीपुढे जाणार तिला विचारायचं तुझ्याकडूनही राहून गेलं. हे मी तुला तोंडावर सांगितलं असतं. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नसतीस आणि तिसऱ्या दिवशी पहार घेऊन आली असतीस.

ते आता आम्हाला करायचंय. मावशीनं भिंतीवर कोळशानं चौकोन काढून ठेवलाय, तिला हवा तेवढा, चांगला ऐसपैस. उन्हासाठी वर छज्जा काढू, दादांनी लाकूड बघायला सुरुवातही केलीय. छपराचं विचारलं तर मावशी म्हणाली, ते मागनं बघू, आधी खिडकी. मी राहिले आहे, उद्या सकाळी भिंत फोडायची आहे. तुझ्या हातानं थापलेल्या विटा आहेत त्या. काहींवर तुझ्या बोटांचे ठसे आहेत, मी आज हात लावून पाहिले. मी मावशीला सांगितलं, मावशी, माझा हात उचलणार नाही.

तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "नको उचलू. पयला घाव मी घालते."